साहेबांची नवी स्टिक आणि मालकांची नजर

हिंडलगा, दसऱ्यानंतरचा सोमवार

थोरल्या अण्णांच्या पायावर धाकट्या गुणाबाईनं डोकं टेकलं असं समजा. इकडं सगळी जिती हायत. वहिनींची कंबर कशी हाय? तेल चोळून काय हुत न्हाय, घागरी उचलायला दुसरं कुणीतरी लावा.

तुमी ज्यांच्या बंगल्यावर वॉचमन हाय, त्या निपाणीच्या डॉक्टरसाहेबांनी गोल्फ धरलंय आणि ती नवी हायब्रीड स्टिक घ्यावी का म्हणून आमच्या मालकांना पुसलंय. (मालक म्हंजे तुमचे पाव्हणे नागोजी. तोंडानं नाव घेत न्हाय, कागदाला चालतंय.) पुसलंय त्यांना, उत्तर मी देत्ये. का, ते पुढं कळंल.

स्टिक चांगली हाय. आधीची लोखंडी पातळ, कोयत्यासारखी मातीत रुतायची, न्हायतर चेंडू बांबूच्या बेटात घालायची. हिचं डोकं जाड, बूड गोल, तव्यावर उलथनं सरकावं तशी गवतावरनं सरकते. आमचे बँकेतले रिटायर साहेब, त्यांनी बी हीच घेतली, ते इतके कच्चे की त्यांचा हॅण्डिकॅप अठ्ठावीस (माणूस किती कच्चा त्याचा तो आकडा, जेवढा मोठा तेवढी लाज). ते कसंबी मारू देत, चेंडू वर चढतो आणि समोरच पडतो. धा चेंडूतले सात. मी मोजलेत.

का मोजले? मालक बावीस वर्सं इथल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी. साहेबांची पिशवी उचलायची आणि चेंडू कुठं पडला ते बघायचं. गेल्या पावसाळ्यापास्नं त्यांना चेंडू दिसत न्हाय. कुणाला बोलले न्हाईत, मला बी न्हाय. एकदा चहा कपाच्या भाईर वतला, तवा मला कळलं. (एवढा संसार केला, आणि कळलं चहावरनं.) कॅडीची नजर गेली की कॅडी गेला. मी तिथंच गवत खुरपते. मग दोघांनी ठरवलं, चेंडू डावीकडं गेला तर मी एकदा खोकायचं, उजवीकडं गेला तर दोनदा. तीन म्हैने खोकले. सुपरवायझरनं टीबी म्हणून बाजूला बसवलं. तपासून आले, कागद दाखवला, परत खोकायला लागले.

नवी स्टिक आली आणि माझ्या घशाला आराम पडला. चेंडू समोर जायचा, मालक पावलं मोजत जायचे आणि बरोबर त्याच्यापाशी उभं ऱ्हायचे. त्यांना त्या स्टिकचा एवढा उपकार वाटला की खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुसायला म्हणून घरी आणली आणि नवमीला भल्या सकाळी विळ्या-खुरप्याशेजारी मांडून, हळदकुंकू लावून, झेंडू बांधून कामावर गेले. पुजलेलं हत्यार दसऱ्यापातूर हलवायचं न्हाय, हे आपल्याला ठावं. साहेबांना कोण सांगणार? त्याच दिवशी त्यांची म्याच. मी घरात पुरण वाटत बसलेली. साहेबांनी जुनी लोखंडी काढली, चेंडू कुठं गेला देवाला ठावं. मालक पावलं मोजत गेले आणि पांढरं दिसलं तिथं उभं ऱ्हायले. "ह्यो बगा साहेब तुमचा चेंडू."

साहेबांची बी नजर बेताची. मारला. अळंबी हुती. तुकडं त्यांच्या चष्म्यावर उडालं. बाकीचे तिघं पोट धरून हसले. साहेब हसले न्हाईत. चष्मा पुसत हळूच म्हणाले, "नागोजी, कवापास्नं?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, आता कामावर येऊ नको. स्टिक न्यायला मातूर कुणी आलं न्हाय. मालक ती टेकायला घेतात. आंधळ्याची काठी म्हणून लई आखूड हाय, हे बी तुमच्या साहेबांना सांगा.

तुमची धाकटी,
गुणाबाई

ता. क. तुमचे साहेब डोळ्यांचे डॉक्टर हायत हे मी इसरले न्हाय. इथल्या दवाखान्यात मालकांना काचबिंदू म्हणाले. उजवा संपला, डाव्यात थोडं हाय. येत्या बुधवारी घेऊन येत्ये. आधी त्यांनी डोळा बगावा, मग स्टिक कशी धरायची ते मालक दाखवतील. बावीस वर्सं लोकांच्या चुकाच बगितल्यात त्यांनी.

ता. क. तिकडं डोळा दाखवायचाय हे मालकांना बोललेली न्हाय. वहिनींची कंबर बगायला चाललोय म्हणून सांगितलंय. तवा वहिनींनी जरा कण्हत ऱ्हावं.

आणि एक. काल चुलीच्या धुरानं मला खराच खोकला आला, एकदाच. मालक अंगणात हुते. डावीकडं वळले आणि पावलं मोजत निघाले. तवापास्नं मी तोंडात पदर कोंबून सैपाक करत्ये.