पोरीच्या काळजाचं भोक

८ नोव्हें. ९८, रविवार
सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची फिलूमाय. मागून तिच्या प्रार्थनेच्या बाया, केळी घेऊन. माझी नात बघायला. दोन महिन्यांची झाली, कालच आईच्या माहेराहून आणली. मी चर्चची रविवारची मिस्सा चुकवून तिला मांडीवर घेऊन बसलेली, बोटच सोडेना माझं. नाक बापाचं, आमच्या जोसेफचं, रंग आईचा. आई म्हणजे सून सविता, अर्नाळ्याच्या हिंदू कोळ्यांची. फिलूची नजर गेली पोरीच्या मनगटावर. काळा दोरा, सविताच्या आईनं देवीपुढं ठेवून बांधलेला. म्हणाली, हे चालतं तुमच्याकडं? पूर्वी हीच फिलू माझ्या पोरांची नजर मीठमिरचीनं काढायची. उठून चहा टाकला. चहाला साखर कमी पडली ती आणि वेगळी लाज.

११ नोव्हें.
पोर निळी पडते. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, काळजाला भोक आहे. एवढूशा काळजाला. वजन वाढलं तर ऑपरेशन, तोवर टिकली तर. घरी आल्यावर जोसेफनं दोरा कापून चुलीत घातला. सवितानं पोरीचं मनगट पदरानं पुसलं. वालाची भाजी केलेली, कोणी खाल्ली नाही.

१४ तारीख
फादर येऊन गेले. म्हणाले, देव लेकरांना शिक्षा करत नाही, असलं मनात आणू नका. मी विचारलं, मग भोक कोणी पाडलं? म्हणाले, "माय, मला माहीत नाही." चांगला माणूस. पण मला उत्तर हवं होतं. संध्याकाळी रोजरी घेतली, निम्म्यात हात थांबला. एवढी वर्षं हेच मणी, आणि...

१७ तारीख
फिलूमाय आणि बाया परत. पोरीवर हात ठेवून रडल्या, रडणं खरं होतं. मग जोसेफला म्हणाल्या, बायको बाप्तिस्मा घेत नाही तोवर पोर बरी व्हायची नाही. त्यानं मान डोलावली. लग्नात ह्यानंच तिला शब्द दिलेला, तुझा देव तुझ्यापाशी.
सवितानं विचारलं, "घेतला तर जगेल?"
फिलू म्हणाली, "श्रद्धा पाहिजे."
म्हणजे पोर गेली तरी दोष सविताचाच.
त्या गेल्यावर सविता जवळ बसली, पोर पदराखाली. "आई, तुम्ही सांगाल ते करते." लग्न झाल्यापासून मी देवाकडं हेच मागत होते, हिला आमच्यात आण. आज तोंडातून हो निघेना. नाही पण निघेना, न जाणो, त्यानं खरंच वाचली तर...
पोर दूध ओढताना दमते. थांबते, माझ्याकडं बघून हसते.
शुक्रवारी येतो म्हणाल्यात, मिस्सा झाल्यावर. उत्तर घ्यायला.