तुझ्या पुस्तकातली आई

आन्स नोआर, डॉमिनिका
९ ऑक्टोबर १९५६

प्रिय अन्सेल्मा,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. आपल्या बेटावरच्या बाईची कादंबरी लंडनला छापून आली म्हणून इथे सगळे छाती फुगवून फिरतायत. फादरनी प्रार्थनेनंतर तुझं नाव घेतलं. सिप्रियन मास्तर रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पुस्तक वाचतात, आपल्या बोलीत अर्थ सांगतात, आणि गाव ऐकतं. मीही जायचे, बहीण म्हणून मिरवत.

परवा गोष्टीत मळ्याच्या मालकसाहेबाकडे इस्त्रीला जाणारी बाई आली. तिला दोन मुली. थोरली नवऱ्याची, धाकटी घाऱ्या डोळ्यांची, साहेबाची. मास्तरांनी पुस्तक मिटलं. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. घरी येऊन मी आरशात माझे डोळे पाहिले, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नीट.

तुला ठाऊक होतं. एका चटईवर झोपलो आपण. मला अक्षरं तू शिकवलीस. माझ्याशी मात्र तोंड उघडवलं नाही तुला, आणि अनोळखी इंग्रजांना सगळं सांगून मोकळी झालीस. दुकानातली ऑलिव्ह आता मला मीठ देताना विचारते, "मालकीणबाई, आणखी काय देऊ?" पेपरवाले तुला धीट म्हणतात. कसला धीटपणा? नावं तेवढी बदललीस, अब्रू आमचीच वापरलीस.

आईला मी काही सांगणार नव्हते. तिनंच पुस्तक मागवलं आणि मला वाचायला बसवलं. साहेब दार लावून घेतो, मग निघून जातो, बाई भिंतीशी रडत बसते, इथवर मी कशीबशी आले. आई अळकुड्या सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "रडले नाही मी. तो पाठ करून सदरा चढवत होता. तापलेली इस्त्री मानेवर टेकवली त्याच्या. डाग झाकायला मरेपर्यंत गळाबंद सदरा घालून फिरला तो. हे तिनं विचारलंच नाही मला."

नाताळात तू येणार, सभागृहात तुझा सत्कार होणार, आणि बहीण म्हणून फुलं मी द्यायची, असा निरोप आलाय. म्हणून हे पत्र. मी फुलं देणार नाही. बोटीतून उतरलीस की आधी घरी ये. आईसमोर खाली बस आणि ती सांगेल तसं लिहून घे, तुझं एक अक्षरही न घालता. मग सत्काराला उभी राहशील तेव्हा सगळ्यांसमोर तेच वाच. तू वाचणार असलीस तरच मी आईला घेऊन येईन.

रागावलेली, तरी तुझीच,
लेओनी