दुपारी हळहळ, संध्याकाळी विरह

ता. १० सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. मला नोकरी लागली आहे. एका हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवायचा, दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. पियानो जुना आहे, एक पेडल कुरकुरतं, आणि वर एक फुलदाणी असते ती हलवायची मला परवानगी नाही. पण वाजवण्याचा पगार मिळतो, हे अजून खरं वाटत नाही.

मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं, की रडकं काही वाजवायचं नाही. माणूस उदास झाला की बिल मागवतो आणि चालू लागतो. म्हणून मी आठवडाभर इतकं गोडगोड वाजवलं की माझं मलाच नकोसं झालं. लोकही कॉफी संपवून पटापट उठायचे. मग एका दुपारी मॅनेजर दाढ दाखवायला गेला असताना मी तू शिकवलेला तो मायनरचा उदास जिना काढला. ए मायनर, जी, एफ, ई, अशा चार पायऱ्या उतरायच्या आणि परत पहिलीवर यायचं. मामा, एकही माणूस उठला नाही. एका म्हाताऱ्याने चष्मा पुसून दुसरी कॉफी मागवली. दोन मैत्रिणींनी एकमेकींचे हात धरले आणि केक मागवला. मॅनेजर परतला तो भरलेली लॉबी बघून दारातच थबकला, आणि दाढ विसरला.

आता फर्मान निघालं आहे. दुपारी हळहळ, संध्याकाळी विरह, आणि जेवणाची वेळ झाली की थोडी आशा, म्हणजे लोक डायनिंग हॉलकडे वळतील. मी इथली अधिकृत रडवी झाले आहे आणि आयुष्यात इतकी खुशीत कधी नव्हते.

अडचण आईची आहे. तिची अट तुला माहीतच आहे. वर्षअखेरपर्यंत मी इथे सुखात दिसले तर राहायचं, कुढताना दिसले तर मुकाट्याने परत जाऊन तिच्या शिलाईच्या दुकानात, तिच्या शेजारच्या मशीनवर बसायचं. दर रविवारी सकाळी लॉबी रिकामी असताना तिचा फोन येतो. रिसेप्शनवरची मुलगी रिसीव्हर तारेसकट ओढून पियानोपाशी धरते आणि मी वाजवून दाखवते. परवा सवयीने जिनाच वाजवला. आईने विचारलं, तुला कोणी फसवलं का. मी नाही म्हटलं. मग विचारलं, नीट जेवतेस का. मी हो म्हटलं, त्यावरही तिचा विश्वास बसला नाही.

काय करू ते कळव. आईवर माझा जीव आहे, पण काजं-बटणं करत आयुष्य काढायचं नाही मला.

मामीला नमस्कार. रागावला नसशील तर लवकर लिही, आणि रागावला असशील तर त्याहून लवकर.

तुझी भाची,
ठकू


ता. १९ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, की पोरीला रडवण्याबद्दल टाळ्या मिळतात, मग तुम्ही घरात वाजवता तेव्हा शेजारी खिडक्या का लावतात. तेव्हा तुझ्या यशाचा आनंद इकडे थोडा जपूनच साजरा झाला.

अक्काने फोनवर भलतंच विचारलं म्हणून तिच्या कानाला दोष देऊ नकोस. मेजर कॉर्डच्या तीन सुरांतला फक्त मधला अर्ध्या पायरीने खाली आला की ती मायनर होते, पण तेवढ्यानेही भरल्या घरातला दिवा कोणी बारीक केल्यासारखं होतं. एकटी कॉर्ड मात्र तोंड पाडून नुसती बसून राहते. चित्र उभं राहतं ते एकीमागून एक आल्या की. आपला जिनाच घे. पहिल्या कॉर्डला माणूस दारात उभा आहे. दुसरीला त्याने पाठ फिरवली. तिसरीला तो नदीकाठी पोचला, संध्याकाळ झाली आहे, होडी लागली आहे. चौथी, ई मेजर, जिन्याबाहेरचा एक चढा सूर घेऊन येते, आणि सगळी मेख तिथेच आहे. तिथे जरा उजेड होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा वळून बघणार. तो बघत नाही. आपण परत पहिल्या मायनरवर.

रेडिओच्या नाटकांना संगीत देताना याच जिन्यावरून मी कितीतरी नायकांना घरातून घालवलं. एकदा मात्र फजिती झाली. ढेकणांच्या औषधाच्या जाहिरातीला घाईत हाच जिना लावला. ऐकणाऱ्यांना ढेकणांचीच दया आली आणि औषध दुकानात पडून राहिलं.

तुझ्या दुखण्यावर उपाय सोपा आहे. सुरावट तीच ठेव, खालच्या कॉर्ड बदल. ए मायनरच्या जागी सी मेजर धर. दोघींत दोन सूर सामाईक आहेत, त्यामुळे सुरावट कुरकुर करणार नाही. बाकीच्या तुझ्या तू जुळव आणि लय जरा वाढव. अक्काला नदी दिसणारच नाही, भर सकाळचा बाजार दिसेल. ती माझी थोरली बहीण आहे. लहानपणापासून मी तिला फसवत आलो आणि तिला कधी पत्ताही लागला नाही.

पेडलला थेंबभर तेल घाल. मामी विचारते की हळहळीच्या वेळी केक कोणता खपतो. तुझी माया अशीच आमच्या वाट्याला येत राहो.

तुझा,
मामा


ता. २६ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मात्रा लागू पडली. गेले काही रविवार मी आईला नुसता आनंद वाजवून दाखवते आहे. रिसेप्शनवरची मुलगी रिसीव्हर धरून पायाने ताल देते. पहिल्यांदा आई म्हणाली छान. पुढच्या वेळी म्हणाली छान, छान. गेल्या रविवारी फक्त हॉटेल कोणत्या रस्त्यावर आहे ते विचारलं. काहीतरी पाठवायचं असेल. एकूण तिची खात्री पटलेली दिसते, आणि मी सुटले.

काल मात्र गंमत झाली. खांबामागच्या टेबलावर एक बाई येऊन बसली. मला तिचा फक्त कोपर आणि रुमाल दिसत होता. विरह सुरू झाला आणि रुमाल जो वर गेला तो खाली येईना. वेटर सांगत होता, की आधी तिने नुसतं पाणी मागितलं होतं. मग चहा मागवला, मग केक, मग आणखी एक केक, आणि डोळे पुसता पुसता केक कोरडा असल्याची तक्रारही केली. मॅनेजरला इतका आनंद झाला की त्याने वेटरबरोबर निरोप पाठवला, तेच चालू ठेव, थांबू नकोस.

मी वाजवता वाजवता तिची सगळी गोष्ट जुळवली. नवरा तुझ्या त्या होडीतून गेलेला, आणि ही काठावर. तुला खोटं कशाला सांगू, एका अनोळखी बाईला आपण इतकं रडवू शकतो म्हणून मला आतून गुदगुल्या होत होत्या. वाजवून झाल्यावर तिला एकदा बघावं म्हणून उठले, तर टेबल रिकामं होतं.

हे आईला सांगू नकोस. मामीला सांग, चॉकलेटचा खपतो. आहे तेवढा लोभ ठेव, वाढला तर हरकत नाही.

तुझी,
ठकू


ता. २७ ऑक्टोबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तुझ्या हॉटेलात खांबामागे बसले होते ती मी. केक कोरडा होता.

तू फोनवर जे वाजवत होतीस ते ऐकून मला धडकी भरली. माणूस इतकं खुशीत असतं ते काहीतरी लपवायचं असलं म्हणजेच. तुझा मामा लहानपणी पेरू चोरून आला की अशीच शीळ घालत यायचा. मला कळलंय हे मी त्याला कधी कळू दिलं नाही, बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं.

मी तुला घेऊन यायला आले होते. आणि खरं लिहिते, तू दुःखी असावीस अशीच माझी इच्छा होती. दुकान सुनं वाटतं गं. तुझ्या मशीनवर मी कापडाचे गठ्ठे ठेवते, म्हणजे ते रिकामं दिसत नाही.

मग तू मामाचं ते वाजवायला लागलीस. तुझा मामा नेहमी सांगतो त्यात नदी असते, होडी असते. मला कसली नदी दिसते. मला तुझे बाबा दिसले, स्टुलावर चढून दुकानातला दिवा बदलताना. मी खाली स्टूल धरलेलं, आणि ते वरून ओरडतायत की नीट धर. तुझ्या वाजवण्यात मध्येच जरा उजेडासारखं यायचं, तेव्हा वाटायचं, झालं, आता उतरतील. आणि तू परत पहिल्यापासून सुरू करायचीस, की ते परत वर.

ते गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. दुकानात गिऱ्हाईक असतं, आणि लोकांच्या रेशमावर डाग पडतो. घरी तू होतीस. तुझ्या हॉटेलात ओळखीचं कोणी नव्हतं, खुर्ची मऊ होती, आणि सगळेच थोडे थोडे उदास होऊन खात बसले होते. पोटभर रडले. बरं वाटलं.

तू सुखात आहेस की नाही, हे त्या वाजवण्यातून मला काहीच कळलं नाही. कळलं ते नंतर. त्या मॅनेजरने हात करून सांगितलं की आता पुरे. तू मान डोलावलीस आणि तरी वाजवत राहिलीस. लोक जेवायला उठून गेले, कोणी ऐकत नव्हतं, तरी वाजवत होतीस. इथे दुकानाचं शटर खाली येण्याचा आवाज आला की तू शिवण अर्धी टाकून उठायचीस. ते बघून मला आनंद झाला नाही, ठकू. पण कळलं. म्हणून हाक न मारता निघाले.

वर्षअखेरची अट आता नाही. राहा तिथेच. रविवारी मात्र खरं काय ते वाजव, मला रडू आलं तर माझं मी बघेन.

येतानाच मी तुझंही परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. बसमध्ये तुझ्या सीटवर पिशवी ठेवली. कोणी विचारलं की सांगत होते, माझं माणूस येतंय. शहराचे दिवे मागे पडेपर्यंत तसंच सांगत होते. मग एक बाई लेकराला कडेवर घेऊन चढली, तेव्हा पिशवी मांडीवर घेतली.

जेवत जा. माझी माया आहेच, तुझीही असू दे.

तुझी,
आई