केशरी बुरशी

प्रिय चिमणे,

लॅबच्या मागच्या पायरीवर बसून आपण शेंगदाणे खायचो, आठवतं? तू एकेक दाणा उजेडात धरायचीस आणि जरा काळपट दिसला की भिरकावून द्यायचीस. मी म्हणायचे, "टाक, टाक! तू टाकतेस तेच मी आत जिवापाड जपते."

खरंच, सारं आयुष्य शेंगदाण्यावरच्या त्या विषारी बुरशीपायी गेलं. सून अजून चिडवते, "आई, पावाला बुरशी आली की आम्ही पाव फेकतो, तुम्ही तिची विचारपूस करता!"

तुझा प्रयोग मात्र मनातून गेला नाही. बुरशी आपलं विष टप्प्याटप्प्यानं तयार करते; ते बनूच नये म्हणून त्यातल्या एका टप्प्याचं जनुक तू मोडलंस. आणि बुरशी वाढवायच्या प्लेटच्या तळाशी भलताच केशरी रंग उतरला. मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, तुझ्या बुरशीलाच बुरशी लागली की!" सगळे हसले. तूही हसलीस. मग प्लेट टाकाऊ डब्यात ठेवलीस आणि आठवडाभरात लॅबच सोडलीस. मी ती प्लेट उचलून आणली. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. रंग फार देखणा होता एवढंच. तेव्हापासून अधूनमधून ताज्या खाद्यावर त्या बुरशीला पुन्हा वाढवत आले.

यंदा विष मोजायचं चांगलं यंत्र आलं. तुझ्या बुरशीत विष सापडलं नाही. पुन्हा तपासलं, तरी नाही. मधला टप्पाच बंद पडल्यानं अर्धवट झालेला माल तिथेच साचला होता, आणि त्या मालाचा रंग केशरी. तुझं काही बिघडलं नव्हतं गं. जे मोडायचं, तेच तू नेमकं मोडलं होतंस. सरांना कागद दाखवले. बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "ती पोर हल्ली असते कुठे?"

आता पत्राचं कारण. माझ्या नजरेच्या मधोमध डाग आलाय आणि तो जायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. परवा केशरी प्लेट कुठली नि साध्या बुरशीची पिवळी कुठली, मला कळेना. महिनाअखेर मी काम थांबवतेय. माझा जुना मायक्रोस्कोप मुलींच्या शाळेला जाईल. उंच स्टूल नव्या मुलीला, बिचारी बुटकी आहे. तुझी बुरशी जपून ठेवलेल्या नळ्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहेत. स्टोअरच्या काकांना मी बजावून ठेवलंय, त्या फक्त तुझ्या हातात द्यायच्या. खुद्द सर मागायला आले तरी नाही. तेव्हा तुलाच यावं लागेल.

तुझीच,
मॅडम