आमच्याकडच्या अभिप्रायांचा योग्य अर्थ लावून मिळणेबाबत

प्रति,
मा. मार्गदर्शन अधिकारी,
सागरतीर करिअर मार्गदर्शन व कौशल्य केंद्र,
रत्नागिरी.

अर्जदार : भास्कर यशवंत शिरधनकर, वय बावन्न, राहणार नाचणे, रत्नागिरी.

विषय : अर्जदाराबद्दल त्याच्या माणसांनी काढलेले उद्गार हे कौतुकाचेच आहेत, असा दाखला येत्या सोमवारपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या केंद्राचा ‘नोकरी गेल्यानंतरची नवी भरारी’ हा वर्ग.
२) हॉटेल कंपनीचा नकाराचा ई-मेल.
३) पत्नीशी झालेली तोंडी चर्चा (एकतर्फी).

महोदय,

१. अर्जदार हा आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यावर सुपरवायझर होता. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला. तो बंद पडण्यात अर्जदाराचा हात नव्हता, असे मालक विनीतशेठ निरोपाच्या वेळी सर्वांसमक्ष म्हणाले. अर्जदाराचा निरोप समारंभ तो एवढाच. घरी येऊन त्याने ते वाक्य पत्नीस सांगितले, तेव्हा सौ. उमा हिने डोळ्याला पदर लावला आणि ‘एवढं म्हणाले?’ असे विचारले.

२. त्यानंतर अर्जदार आपल्या केंद्रात दाखल झाला. वर्ग उत्तम होता. (हे वाक्य लिहिताना अर्जदाराने दोनदा पेन खाली ठेवला, याची नोंद घ्यावी.) प्रशिक्षिका कु. तेजस्वी मॅडम नाशिककडच्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला कागद देऊन एका बाजूस स्वतःचे गुण व दुसऱ्या बाजूस दोष लिहावयास सांगितले. वेळ संपली तेव्हा गुणांची बाजू सर्वांची कोरी होती आणि दोषांसाठी वर्ग पुरवण्या मागत होता. मॅडम म्हणाल्या, “अहो, स्वतःला विकायला शिका!” त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “घेणार कोण, बाय?” आणि वर्ग इतका मोकळेपणाने हसला की मॅडम तो तास सोडून चहाला गेल्या.

३. मॅडमच्या आग्रहावरून अर्जदाराने नोकरीच्या संकेतस्थळावर स्वतःचे पान उघडले. त्यावर ‘परिणामाभिमुख नेतृत्व’ असे शब्द मॅडमनी स्वतः घातले. दुसऱ्या दिवशी अर्जदार मासळी बाजारात बांगडे घेत असता मागून आवाज आला, “काय भास्करराव, नेतृत्व करता म्हणे? मग आधी या रांगेचं करा!” बांगडे तसेच ठेवून अर्जदार घरी आला व ते शब्द काढून ‘आंबा कारखान्यात होतो’ असे लिहिले. पान अद्याप तसेच आहे. त्यास एकाच गृहस्थाने पसंती दर्शवली, ती चुकून बोट लागल्याने, असे त्यांनी नंतर फोन करून कळवले.

४. असे असूनही पुण्याच्या एका हॉटेल कंपनीने गणपतीपुळ्याच्या आपल्या नव्या रिसॉर्टवर भांडार व खरेदी व्यवस्थापक या पदासाठी अर्जदारास बोलावले. मुलाखत बरी झाली. येथे ‘बरी’ म्हणजे काय, ते पुढे येईलच. पगार ठरला, गणवेशाचे माप घेतले. केवळ एक उपचार राहिला. पूर्वीच्या कामावरच्या तिघा माणसांची नावे द्यायची, कंपनी त्यांना फोन करून चौकशी करणार. अर्जदाराने आपल्याला जीव लावणारी म्हणून तीन माणसे निवडली. चूक झाली ती येथे.

५. कंपनीच्या मनुष्यबळ खात्यातील कु. मनस्वी या सोलापूरच्या मुलीने तिघांना फोन केले. तिघांनीही आपापले बोलणे अर्जदारास नंतर जसेच्या तसे सांगितले, आणि तेही ‘तुझं काम करून टाकलं हो’ अशा समाधानाने.

विनीतशेठ म्हणाले, “होता ना आमच्याकडे, बरीच वर्षं होता. तसा काही त्रास नाही झाला त्याचा.”

हमालांचे मुकादम श्री. भागोजी म्हणाले, “कसला काय भास्कर! डोक्यानं तापट. येकदा गाडी भरायला घेतलीन का मानसाला जेवायला सोडत नाय. सोता पन जेवत नाय. म्हातारा झाला, पन सुदारला नाय.”

कँटीन चालवणाऱ्या मालनताई म्हणाल्या, “लय चिकट बाबा! कारखान्याचा येक डबा कुनाला घरी नेऊ दिला नाय त्येनं. सोताच्या बायकोला पन नाय.”

महोदय, भांडारावर माणूस नेमायचा असता यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणाला मिळाले असेल, असे अर्जदारास वाटत नाही. विशेषतः मालनताईंचे ऐकून त्याचे मन भरून आले होते. परंतु कंपनीचा ई-मेल आला त्यात असे होते की, उमेदवार रागीट असून कामगारांना उपाशी ठेवतो, कंजूष आहे, आणि माजी मालकासही त्याच्याविषयी काही विशेष सांगता आले नाही. सबब नकार.

६. अर्जदाराने कु. मनस्वी यांना फोन करून खुलासा करण्याचा प्रयत्न केला. आमच्याकडे चांगल्याला चांगले म्हणण्याची पद्धत नाही; दृष्ट लागते. मोहोराने लवलेल्या कलमाकडे बघून कोणी ‘काय धरलाय!’ असे म्हणत नाही. ‘यंदा काही खरं नाही’ असे म्हणतो आणि गुपचूप राखण्या नेमतो. बाळ गुटगुटीत असेल तर ‘वाळलंय हो पोर’ म्हणायचे, ते ऐकून आई खूश होते. ज्याचे तोंड भरून कौतुक होते तो माणूस आमच्याकडे एक तर वारलेला असतो, नाहीतर निवडणुकीला उभा. हे सर्व कु. मनस्वी यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “मग काका, वाईट माणसाबद्दल तुमच्याकडे काय म्हणतात?” अर्जदाराने सांगितले की त्याच्याबद्दल काही म्हणत नाहीत, नुसते ‘आपल्याला काय करायचंय’ असे म्हणतात. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

७. येथपर्यंतची हकीकत सोसण्यासारखी होती. यापुढे प्रकरण अवघड होते.

आपल्या वर्गात अर्जदारासोबत कु. निशिगंधा ही मुलगी होती. ती कारखान्यात अर्जदाराच्याच हाताखाली काम शिकली. भागोजी मुकादमांची ती कन्या. तिनेही त्याच पदासाठी अर्ज केला होता आणि चौकशीसाठी अर्जदाराचे नाव दिले होते. नकार येऊन आठवडा होतो न होतो तोच कु. मनस्वी यांचा फोन तिच्याबद्दल आला.

महोदय, अर्जदार माणूस आहे. ‘बरी आहे मुलगी’ एवढेच म्हणून रीत पाळता आली असती व पदही मोकळे राहिले असते. परंतु ठेच अर्जदारास लागली होती. मागच्याला तरी शहाणपण यावे, असे त्यास वाटले. तो फोन घेऊन परसात गेला, फणसाच्या आड उभा राहिला, कोणी ऐकत नाही याची खात्री केली आणि डोळे मिटून बोलला. मुलगी हुशार आहे. प्रामाणिक आहे. तिच्यासारखे भांडार सांभाळणारे माणूस जिल्ह्यात नाही. बोलताना अर्जदाराला घाम फुटला. असले शब्द त्याने आयुष्यात स्वतःच्या लग्नातही उच्चारले नव्हते. घरात येऊन त्याने पत्नीस सर्व सांगितले, तेव्हा सौ. उमा म्हणाली, “अहो, पोरीचं वाटोळं कराल!” आणि तिने तत्काळ मोबाइलवरील वर्गाच्या फोटोतील निशिगंधेवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. फोटोत ती अर्जदाराच्या शेजारी असल्याने थोडी दृष्ट अर्जदाराचीही उतरली असावी. परंतु त्याला लागलेली नव्हतीच.

पद निशिगंधेस मिळाले. अर्जदारास त्याचे वाईट वाटले नाही. जे वाटले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

८. आता मुख्य मुद्दा. निशिगंधेला एक सहायक लागणार आहे. तिने आपण होऊन अर्जदाराचे नाव पुढे केले. हाताखालच्या मुलीच्या हाताखाली काम करण्यास अर्जदाराची हरकत नाही. ती शिकलीच त्याच्या शिव्या खाऊन, तिला आता व्याजासकट फेडता येईल. कंपनीनेही जुने प्रकरण मिटवून अर्जदाराचा पुन्हा विचार करण्याचे मान्य केले. अट एकच. जिच्या हाताखाली काम करायचे तिचा अभिप्राय स्पष्ट व अनुकूल हवा. तो घेण्यासाठी कु. मनस्वी सोमवारी सकाळी तिला फोन करणार आहेत.

हे पद गेले तर अर्जदारास भाच्याकडे डोंबिवलीस जाऊन एका सोसायटीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसावे लागेल. भाच्याने खुर्चीचा फोटोही पाठवला आहे. पत्नी येथील बालवाडीत शिकवते, ती येऊ शकत नाही. या वयात दोघांनी दोन चुली मांडायच्या, असा हा प्रश्न आहे.

काल संध्याकाळी निशिगंधा पेढे घेऊन घरी आली. कोकम सरबत घेतले, इकडचे तिकडचे बोलली आणि मग सरळ विचारले, “काका, सोमवारी फोन येईल. तुमच्याबद्दल काय सांगू?”

महोदय, दैव दारात येऊन, चपला काढून, आत बसून विचारत होते. अर्जदाराने तोंड उघडले, आणि त्यातून शब्द आले ते असे : “माझ्याबद्दल काय सांगायचंय? आहे तसं सांग.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. सौ. उमा बाहेर येऊन म्हणाली, “नको तेव्हा परसात जाऊन भाषणं ठोकता, आणि आता मिठाची गुळणी धरलीत? त्या भागोजीची लेक ती! आहे तसं सांगेल म्हणजे काय सांगेल, कळतंय का?”

अर्जदारास कळते. त्यामुळेच रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. निशिगंधेचा अर्जदारावर फार जीव आहे. सबब ती त्याच्याविषयी किती वाईट बोलेल याचा अंदाज करवत नाही.

९. तरी विनंती की,

(अ) रत्नागिरी व आसपासच्या मुलखात ‘त्रास नाही झाला’ हा उद्गार उत्कृष्ट या अर्थी, ‘तापट’ हा कष्टाळू या अर्थी व ‘चिकट’ हा सचोटीचा या अर्थी वापरला जातो, असा दाखला केंद्राच्या शिक्क्यानिशी देण्यात यावा.

(आ) सदर दाखला कृपया आपण स्वतः लिहू नये. राग मानू नये, परंतु आपण मूळचे राजापूरचे असल्याचे समजते. वर्गाच्या समारोपात आपण ‘ही बॅच ठीक होती’ असे म्हणालात, तेव्हा आम्ही सर्व एकमेकांकडे बघून सुखावलो होतो, आणि तेजस्वी मॅडम बाहेर जाऊन रडत होत्या. दाखला मॅडमकडूनच लिहून घ्यावा.

(इ) सोमवारपूर्वी केंद्रातून कोणीतरी निशिगंधेस फोन करून, फोनवर अभिप्राय कसा द्यावा याचे सर्वसाधारण मार्गदर्शन करावे. त्यात अर्जदाराचे नाव कृपया काढू नये. अर्जदार स्वतः तिला सांगू शकत नाही. ‘माझ्याबद्दल चांगलं बोल गो’ असे पोरीला सांगण्यापेक्षा फाटकावरची खुर्ची बरी, असे त्याचे मत आहे, पत्नीचे नाही.

(ई) तिने काय सांगावे याचा मसुदा मागितल्यास सोबत जोडला आहे. तो अपुरा आहे. अर्जदार सकाळपासून त्यासाठी बसला होता.

१०. हा अर्ज अर्जदाराने ‘मी’ असे न लिहिता ‘अर्जदार’ असे लिहिला आहे. ही पद्धत ज्या कोणी पाडली तो आमच्या बाजूचाच असावा. स्वतःविषयी इतके बोलणे अर्जदारास दुसऱ्या कोणत्याही रीतीने जमले नसते. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. नाही झाला तरी, आपल्या केंद्राचा तसा काही त्रास झाला नाही, असेच अर्जदार सर्वत्र सांगेल.

आपला नम्र, आणि तसा कामाचा
(शेवटचे तीन शब्द पत्नीने उभे राहून लिहून घेतले.)

भास्कर यशवंत शिरधनकर
नाचणे, रत्नागिरी
दि. १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सोबत :
१) कंपनीच्या नकाराच्या ई-मेलची प्रत.
२) ‘नवी भरारी’ वर्गाचे प्रमाणपत्र.
३) अर्जदाराच्या स्तुतीचा मसुदा. एकूण शब्द तीन, पैकी दोन खोडलेले. उरलेला ‘वक्तशीर’.
४) सौ. उमा शिरधनकर यांनी अर्जदाराच्या स्वभावाबद्दल स्वखुशीने लिहून दिलेले निवेदन, पुरवण्यांसह. (सर्व दोषच आहेत. अर्जदाराने दोनदा वाचले. त्याचे इतके कौतुक आजवर कोणी केले नव्हते. काम झाल्यावर ही प्रत परत मिळावी.)