रंजूले दिलेला पेन

२ मार्च, रविवार
तिसरा पेन, अर्धशिशीच्या महिन्याच्या सुईचा. डावी मांडी. मागच्या महिन्यात उजवी होती.
फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवला. बाबा दोनदा विचारून गेले, गरम पाण्यात ठेवू का म्हणून. नाही म्हटलं, त्याची थंडी आपोआप उतरू द्या, उन्हात नाही, पाण्यात नाही, हलवायचाही नाही. खिडकीतून दवाई पाहिली, स्वच्छ. तारीख पाहिली. मांडी पुसली, सुकू दिली. टोपण काढलं की मग रेंगाळायचं नाही. टक् झालं, पंधरा मोजले, पुन्हा टक्. थोडी आग झाली. रिकामा पेन जाड डब्यात, झाकण लावून अलमारीवर.
डॉक्टरच्या तक्त्यात लिहिलं: फेब्रुवारी, डोकेदुखीचे दिवस ४. डिसेंबरात १७ होते. तक्ता डॉक्टरसाठी, ही वही माझ्यासाठी. तक्त्यातले चौकोन लहान असतात, त्यात शिव्या मावत नाहीत.

६ मार्च
हिंगण्याच्या बसमध्ये बसून लिहून राहिली. दिवसभर ट्यूबलाइटखाली बाटल्यांची झाकणं तपासायची, चीर दिसली की बाजूले टाकायचं. त्याच ट्यूबलाइटनं डोकं फुटत होतं. आता आठ तास उभी राहते. पोट मात्र साफ होत नाही, या दवाईचा तेवढा एक जाच. इसबगोल चालू.
सुपरवायझर म्हणे, बाई, आजकाल दांड्या नाही मारून राहिल्या. मेल्या, दांड्या मारत होती का मी? सोळा वर्षं झाली, या कंपनीत एक माणूस नाही ज्यानं... जाऊ दे.

१६ मार्च, रविवार
रंजू, माझी धाकटी, आली बेस्याहून, सासरहून. आल्या आल्या आतल्या खोलीत, पडदे लावून. तीन ओकाऱ्या. मी ओला रुमाल कपाळाले करकचून बांधला, आई बांधत होती तसाच. ही दुखी आम्हा दोघी बहिणींले आईकडून आली. आईचं डोकं दुखलं की बाबा विणायचा माग बंद ठेवत, ठेकेदार दारात येऊन बोंबलला तरी. आई गेली तेव्हा रंजू बारा वर्षांची, मी वीसची. तिची वेणी मीच घातली.
पाच वाजता उठून बसली. म्हणे, ताई, तुह्या पेनातला एक मले टोच ना.
नाही म्हटलं. डॉक्टरनं माझ्या नावानं लिहिला, माझं बीपी पाहून लिहिला. तू तुह्या डॉक्टरकडे जा.
"जाते," म्हणे. "मे महिन्यातली तारीख दिली त्यायनं. तोवर मरू का?"
चहा केला, तो तिच्या पोटात राहिला नाही.

३० मार्च, पाडवा
गुढी झाली. बाबांले पाहिजे म्हणून पुरण घातलं. अकराले जावई, प्रशांत, रंजूले दारात सोडून गेला. डोकेदुखीचा चौथा दिवस. उजवा डोळा अर्धा मिटलेला. पुरणाचा वास आला आणि मोरीत धावली. ती शिकवते त्या शाळेत परीक्षा चालू आहेत, मोठ्या बाईनं सांगतलं की आणखी सुट्टी घेतली तर जूनपासून दुसरी पाहू.
आज ती काही मागत नव्हती. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.
फ्रिजमध्ये एकच पेन. दोन तारखेचा, माझा. पुढचा डबा सदर बाजारातला दवाईवाला एप्रिलच्या अखेरीस मागवून देते.
काढला. अर्धा तास ठेवला. हात धुतले, खिडकी पाहिली, तारीख पाहिली. तिच्या पोटाले, बेंबीपासून चार बोटं दूर. पंधरा मोजले. लहानपणी सुई घेताना धरायची तशी तिनं माझी ओढणी धरून ठेवली. नंतर तासभर समोर बसवली. ओठ सुजतात का, आंगावर पुरळ येते का, श्वास लागते का, सगळं पाहिलं. काही झालं नाही.
माझा एक महिना जाईल. काढीन.

२ एप्रिल
तक्त्यात आजच्या चौकोनात लिहिलं: पेन घेतला, पोट. खोटं. रिकामा चौकोन दिसला तर डॉक्टर विचारतील. बाबांनी विचारलंच, आज ओट्यावर काही ठेवलं नाही? म्हटलं, तुम्ही आंघोळीले गेले होते तेव्हा झालं. वाटलं नव्हतं मले एवढं सोपं जाईल.

९ एप्रिल
रंजूचा फोन. दहा दिवसांत एकदाच दुखलं, तेही गोळी न घेता गेलं. पेपर तपासून राहिली. प्रशांतसंग सिनेमाले गेलती, मोठ्या आवाजात, तीन तास. आवाज किती दिवसांनी असा ऐकला तिचा. फोन ठेवल्यावर बाबांले उगाच भजी करून दिली.

१९ एप्रिल
दुखलं. ७/१०. डावी बाजू. या आठवड्यात तिसऱ्यांदा. ऊन असं की खिडकीच्या फटीतूनही डोळ्यात घुसते. हाफ डे टाकला. सुपरवायझर फक्त हसला.

२४ एप्रिल, गुरुवार
दुपारी जेवणाच्या सुट्टीत रंजूचा फोन. रडत होती, आधी समजलंच नाही. मग म्हणे, ताई, दोन रेघा आल्या. दोनदा केली, दोनदा आल्या.
नऊ वर्षं. इंदोरले जाऊन आले, पुण्याले जाऊन आले, टोचून टोचून हात निळे. दोन वर्षांपूर्वी दोघांनी ठरवलं, आता बस.
म्हणे, डोकं शांत होतं ना, म्हणून झालं. सगळं तुह्या पेनानं.
मी मशीनच्या मागं जाऊन रडली. खुशीनं. खरंच खुशीनं. चार वाजता एक झाकण हातात होतं आणि एकदम आठवलं. पहिल्या पेनाआधी डॉक्टरनं विचारलं होतं, गरोदर आहात का, तसा काही विचार? मी हसली होती. बेचाळिसावं लागलं, बिनलग्नाची, कायचा विचार. तेही हसले, पुढं गेले.
रंजूले मी विचारलंच नाही. आमच्याकडे तिले हे कोणीच विचारत नाही. लग्नाकार्यात, हळदीकुंकवात बायका विचारत, काय वं, काही आहे का, आणि ती गच्चीवर जाऊन बसे. मी एक विचारत नव्हती. त्याचा मले अभिमान होता.

२५ एप्रिल
पेनाच्या डब्यातला कागद काढला. भिंग घेऊन वाचला. गरोदर असाल, होण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरले सांगा. बास, एवढंच. काय होते ते लिहिलंच नाही. दवाई आंगात कितीक महिने राहते, हे डॉक्टरनं तोंडी सांगतलं होतं.
पाडव्याले टोचला. हिशोब करून पाहिला, त्याच आठवड्यातलं असेल.
संध्याकाळी बेस्याले गेली, तिले सांगतलं. ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणे, डॉक्टरीणबाईनं विचारलं आज, काही दवाई चालू आहे का. मी नाही म्हटलं.
"तशीच राहू दे ती गोष्ट," म्हणे.

२ मे
नवीन डबा. पेन घेतला, उजवी मांडी. हा खरा.

१० मे
डॉक्टरकडे. त्यांनी तक्ता समोर धरला, एप्रिलच्या चौकोनांवर बोट फिरवलं. ११ दिवस. म्हणाले, तुमच्यावर याचा असर ओसरलेला दिसतो, दुसरं औषध बघू.
मी म्हटलं, पेन नाही ओसरला. मी घेतलाच नव्हता.
त्यांनी चष्मा काढला. कुणाला दिला? बहिणीले. तिचं बीपी, बाकी औषधं? माहीत नाही. गरोदर? हाव म्हटलं.
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "या औषधानं बाळाला अपाय होतो असं स्पष्ट दिसलेलं नाही. होत नाही, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तेवढी माहितीच नाही अजून." मग म्हणाले, यानं काहींचं बीपी वाढतं, आणि गरोदरपणात बीपी वाढलं, डोकं दुखलं, तर ते अर्धशिशी म्हणून अंगावर काढायचं नसतं. तिच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि तारीख कळायलाच हवी. आणि डोकं दुखलं तर घरातली कुठलीही गोळी मनानं घेऊ देऊ नका.
एका चिठ्ठीवर नाव, डोस लिहून दिलं. तारीख मले लिहायले लावली.

१२ मे
रंजूले चिठ्ठी दिली. घेतली नाही.
म्हणे, सासूबाई डोकेदुखीले नखरे म्हणते, आता म्हणंल लेकरालेही नखऱ्यापायी टोचून घेतलं. मी म्हटलं, तेवढंच असेल तर ऐकून घे.
"तेवढंच नाही," म्हणे. "कोणी म्हटलं, पाडून टाक, पुन्हा होईल, तर? माह्यं पुन्हा होणार आहे का, ताई?"
चिठ्ठी पर्समध्ये ठेवून परत आली.

१८ मे, रविवार
सोनोग्राफी झाली काल. ठोके आहेत. प्रशांत पेढे घेऊन आला, बाबांच्या पाया पडला, बाबांनी त्याच्या गालाले हात लावला आणि हातच काढेना. मले दोन पेढे खावे लागले.
रंजू घरीच. फोनवर म्हणे, बीपी थोडं जास्त आलं, १४०/९०. डॉक्टरीणबाई म्हणे घाबरल्यामुळे असेल, आठ दिवसांनी पाहू. डोकं? दुखलं परवा, एक गोळी घेतली, जुनी पडली होती.
कोणती, म्हटलं. तिले नाव आठवेना.

२१ मे
सुट्टी टाकली. रंजूच्या डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात गेली, ती तिथं नसताना. नंबर लावून दोन तास बसली, सगळ्या पोटवाल्या बायकांत मी एक वाळकी. आत गेल्यावर चिठ्ठी टेबलावर ठेवली. कोणाची कोण, काय दिलं, कधी दिलं, सगळं सांगतलं. बीपीचं सांगतलं, गोळीचं सांगतलं.
बाईनं लिहून घेतलं. म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. आणि मग, उद्याच बोलावते तिला.
रंजूले विचारलं नव्हतं. याही वेळी नाही.

२३ मे
काल बाईनं विचारलं तेव्हा प्रशांत बाजूच्या खुर्चीत होता. घरी आधी तो आला, एकटाच. चप्पल काढली नाही, दारातच उभा. बाबा मागं उभे, त्यांले काहीच माहीत नव्हतं, ते पाणी घेऊन आले.
"ताई, नऊ वर्षं तुम्ही पाहिलं आमचं," म्हणे. "एकदा तिले विचारलं असतं."
पाणी प्याला नाही. गाडी सुरू झाली नाही त्याची, तीन-चारदा किक मारली. खिडकीत उभी राहून मी ऐकत होती.
रंजूचा फोन बंद. मग एक मेसेज: मले फोन करू नको.
बाबांले सगळं सांगतलं. त्यांनी प्रशांतसाठी आणलेलं पाणी मोरीत ओतलं. मग म्हणे, तुह्याच हातानं झालं असं धरून बसू नको. म्हटलं, मग कोणाच्या हातानं झालं?

२ जून
पेन. डावी मांडी. बाबा आले नाहीत ओट्याजवळ.

१५ जून
रंजू बाबांले फोन करते, मले नाही. बाबा फोन ठेवून सांगतात, मी भाजी निवडत असल्यासारखं ऐकते. बीपी दर आठवड्याले. १३०/८४, १२८/८०. बीपीची दवाई चालू केली. जुन्या गोळ्या बाईनं सगळ्या काढून टाकायले लावल्या. सासूले सांगतलं का नाही, ते बाबांनी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायचं तेच विचारत नाही कोणी.

६ जुलै
सदरले दवाईवाल्याकडे गेली तर एक बाई, मोठ्या घरची, विचारत होती, माझ्या सुनेले पण देता का एक, तिलेही असंच दुखते. मी मधेच बोलली. जोरात बोलली. दवाईवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, बाईनंही. पेनाचा डबा न घेताच बाहेर आली, पुन्हा आत जावं लागलं.

२० जुलै
बाबा म्हणे, चौथा महिना सरला. पोट दिसते म्हणे आता. शाळा सोडली तिनं. जूनपासून नाहीच गेली. पेपर तपासायले उठता यावं म्हणून टोचलं होतं मी.
दुखीचे दिवस या महिन्यात ३. चांगलं चाललं आहे माझं. लाज वाटते लिहायले.

२ ऑगस्ट, शनिवार
पेन. डावी मांडी.
हात धुवून आली तर फोनवर मेसेज. सत्तर दिवसांनी. रंजू.
"सोमवारी साडेदहा. मोठी सोनोग्राफी, लेकराचे हातपाय, काळीज, सगळं पाहतात. प्रशांत म्हणे मी नाही पाहू शकत. तू ये. माह्यासंग बोलू नको, फक्त बस."
हाव लिहिलं. सोमवारची सुट्टी टाकली. सुपरवायझर म्हणे, पुन्हा डोकं का? म्हटलं, नाही.