कोंबडीचोराचा आवाज

सुल्मोना, १२ फेब्रुवारी १९५५

प्रिय एजिदियो,

याआधीची तीन पत्रं फाडली. त्यांत नुसत्या शिव्या होत्या. या वेळी नीट सांगायचा प्रयत्न करतो.

रोममध्ये त्या कोर्टाच्या विनोदी सिनेमात मला काम मिळालं, हे तुला ठाऊकच आहे. कसले एकेक नग जमले होते तिथे. न्यायाधीश झालेला बुल्गारेल्ली जेवायच्या सुट्टीतही झगा उतरवायचा नाही. कारकुनाचं काम करणारा म्हातारा तर चित्रीकरण चालू असताना खरंच घोरायचा. सगळे आपल्यासारखेच, चेहरा लोकांच्या ओळखीचा आणि नाव कुणालाच माहीत नाही. मी कोंबडीचोर. आरोपीच्या पिंजऱ्यातून सलग चार मिनिटं बोलायचं होतं. ‘साहेब, मी तिला चोरली नाही. ती आपणहून माझ्यामागे आली. मी फक्त... मागे वळून पाहिलं नाही.’ त्या ‘फक्त’नंतर मी असा थांबलो की बुल्गारेल्लीला हसू आवरेना. तीनदा चित्रीकरण थांबवावं लागलं. असं थांबायला मला फिरत्या नाटकमंडळीत तू शिकवलंस, हे मी तिथे प्रत्येकाला सांगत सुटलो.

दिग्दर्शक म्हणाला, आवाज नंतर स्टुडिओत भरू, बोलावतो. सप्टेंबरभर तारेची वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच गेलो. साहाय्यक दारातच म्हणाला, ‘अहो, तुमचं झालंय की सगळं.’ म्हटलं, मी तर आलोच नव्हतो. तर म्हणतो, ‘तुमचं बोलणं फार डोंगराकडचं वाटतं हो. चेहरा मात्र लाखात एक.’ तसाच गाडी पकडून घरी परतलो.

नाताळात सिनेमा इथे लागला. सगळं गाव लोटलं. मोतीबिंदूमुळे आईला पडद्यावरचं दिसत नाही, तिला शेजारी घेऊन बसलो. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि लोक हसून लोळायला लागले. खरं सांगतो, मलाही हसू आलं, आणि त्याचाच जास्त संताप आला. तेवढ्यात आईने बाही ओढली. ‘अरे, हा तर आपला एजिदियो बोलतोय. तुझं काम कधी येणार?’ म्हटलं, येईल. दिवे लागेपर्यंत ती बिचारी कान देऊन बसली होती.

पडद्यावर माझा चेहरा पाहतच तू बोलला असशील ना? थांबायच्या जागाही माझ्याच ठेवल्यास. मग मला एक ओळ लिहायला काय झालं होतं?

आता कोर्टाचा दुसरा सिनेमा काढताहेत. मी पुन्हा आरोपी. या खेपेला आवाज माझाच, म्हणून मी हटून बसलो. उत्तर आलं, एजिदियो मोकळा नसेल तरच. म्हणून हे पत्र. तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, काम सोड असं लिहिणं जिवावर येतं. पण तुझ्याखेरीज हे दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. त्यांनी बोलावलं की घसा बसलाय म्हणून सांग. एवढ्या एका वेळी मला बोलू दे.

तुझाच,
साबातीनो